मिसेस प्रुइट यांचं टेबल

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. पण चूक माझी नव्हती, माझ्या मुलाची होती, हे आधीच सांगून टाकते.

रिटायर झाल्यावर मी नागपूरहून मिहीरकडे राहायला आले. तो डब्लिनला असतो. हे ओहायोतलं डब्लिन, कोलंबस शहराला चिकटलेलं. एअरपोर्टवरून घरी येतानाच त्याने मला शिकवण दिली, "आई, इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. मी बॉसलासुद्धा नुसतं नावाने बोलावतो. तू मॅडम-सर करत बसू नकोस, फार ऑकवर्ड होतं." मुलगा सतरा वर्षं इथे राहिलेला, वर इंजिनिअर. मी म्हटलं, असेल बाई. जिल्हा कोर्टात तेहतीस वर्षं स्टेनोगिरी करून ज्या तोंडाला "साहेब साहेब" करायची सवय झाली होती, त्याला मी वळण लावलं. शेजाऱ्याला जॉन म्हणाले, डॉक्टरीणबाईंना एमिली म्हणाले. कोणी काही बोललं नाही.

मग माझी नात स्वानंदी सोळाची झाली. तिला शाळेसाठी समाजसेवेचे तास भरायचे होते. तिने कोलंबसच्या ईस्ट साइडची एक संस्था निवडली. ब्लॅक मुली आणि बायकांसाठी काम करणारी. नाव लांबलचक, 'डॉटर्स अ‍ॅट द टेबल', पण सगळे तिला नुसतं 'टेबल' म्हणतात. स्वानंदीला लायसन्स नुकतंच मिळालेलं, म्हणून सूनबाईंनी, म्हणजे ऋताने, मला तिच्या शेजारी बसवून दिलं. मला गाडी येत नाही, त्यामुळे माझा उपयोग फक्त ओरडण्यापुरता. इथल्या मराठी मंडळातल्या कांचनने फोनवर विचारलं, "काकू, ईस्ट साइडला जाता? सेफ आहे का ते?" मी म्हटलं, "अगं, फ्रीवेवर माझी नात गाडी चालवून राहिली आहे, त्याहून अनसेफ काय असणार?"

एका चर्चच्या तळघरात त्यांचं ऑफिस. लांब टेबल, फोल्डिंगच्या खुर्च्या, भिंतीला लागून फायलींची कपाटं. टेबलाच्या टोकाला सत्तरीच्या एक बाई बसलेल्या. उंच, ताठ, करडे केस कापलेले, पायात पॉलिश केलेले बूट. दारावरच्या कागदावर मी नाव वाचलं होतं. हात पुढे केला आणि म्हटलं, "हॅलो व्हर्नेल."

झेरॉक्स काढणाऱ्या पोरीने मशीन बंद केलं. स्वानंदी माझ्या मागे लपायला बघत होती, पण ती माझ्याहून वीतभर उंच.

बाई रागावल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "मिसेस प्रुइट. आणि तुम्ही?"

"सुचित्रा."

"मिसेस...?"

"देवपुजारी," मी म्हणाले, आणि सवयीने पुढे जोडलं, "अवघड आहे, सुचित्राच म्हणा."

"अवघड का असेल? एकदा परत म्हणा." त्यांनी डोळे मिटून ऐकलं. देव-पुजा-री. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. मग त्यांनी तळघरातल्या सहाही जणींकडून ते म्हणवून घेतलं. माझा मिहीर ऑफिसात सतरा वर्षं 'मीर' होऊन बसला आहे, त्याला काही वाटत नाही म्हणे. मी मात्र त्या दिवशी खुर्चीत जरा ताठच बसले. या देशात माझं नाव पहिल्यांदाच कोणीतरी पूर्ण घेतलं होतं.

मिसेस प्रुइट यांनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली. ते अजून अंगातून गेलेलं नाही. स्वतःच्या छोट्या गाडीतसुद्धा त्या आधी सगळे आरसे बघतात, मागच्याचा पट्टा लागला का हे विचारतात, आणि वळण आलं की रस्त्याचं नाव मोठ्याने सांगतात. पिवळा दिवा दिसला की थांबतात, मागचा हॉर्न वाजवून मेला तरी. कुठल्याही मीटिंगला चाळीस मिनिटं आधी पोचायचं आणि आपल्या खुर्च्या आपण निवडायच्या, हा त्यांचा नियम. पर्समध्ये स्टेपलर असतो. थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी. मी एकदा आल्याचा चहा करून नेला, तर घोटभर पिऊन म्हणाल्या, "मिसेस देवपुजारी, हे औषध कशावरचं?"

त्यांच्या संस्थेचं काम अगदी साधं आहे. शाळेत ब्लॅक पोरीवर काही ठपका आला की तिला आणि तिच्या आईला बोलावणं येतं. टेबलाच्या पलीकडे शाळेचे चार-पाच जण, अलीकडे ही पोर आणि कामावरून पळत आलेली तिची आई. 'टेबल'चा नियम असा की अलीकडची बाजू कधी एकटी बसायची नाही. पोरीच्या उजव्या हाताला संस्थेची एक बाई, आणि मागे दुसरी, लिहायला. जे बोललं जाईल ते वेळ टाकून लिहायचं. बहुतेक सुनावण्यांमध्ये रेकॉर्डिंगला बंदी असते, कागद-पेनाला नसते.

आता लिहिणं म्हटल्यावर मी कशी गप्प बसणार? दुसऱ्याच आठवड्यात तळघरात सराव चालू होता. एकजण बोलत होती आणि तीन पोरी लिहीत होत्या. एवढ्या सावकाश, की लिहितात की रांगोळी काढतात कळेना. अर्धी वाक्यं हवेतच जात होती. माझा हात शिवशिवायला लागला. स्वानंदीच्या वहीचं पान फाडलं, पेन घेतलं आणि सुरू केलं. स्वानंदी वाकून म्हणाली, "आजी, इज दॅट अ‍ॅरेबिक?" मी म्हटलं, "शॉर्टहँड आहे, शहाणे. धंतोलीतल्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, मिनिटाला एकशेवीस शब्द. तुझ्या बापाच्या फिया यातूनच भरल्या."

मिसेस प्रुइट यांनी मला वाचायला लावलं. पाच मिनिटांचं बोलणं मी सगळ्या 'अं' आणि 'अ‍ॅक्च्युअली'सकट वाचून दाखवलं. त्यांनी माझ्या पानावरच्या त्या बारीक रेघा बोटाने चाचपून पाहिल्या आणि विचारलं, "मंगळवारी तुम्ही मोकळ्या आहात का?"

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तेहतीस वर्षं चढले, आणि सुटले म्हणून सुखावले, तर अमेरिकेत येऊन पुन्हा चढायला लागले. वर्षभरात अकरा शाळांमध्ये गेले. कॉटनची साडी, वर ऋताचं जाकीट, पायात स्नीकर्स, आणि मिसेस प्रुइट यांच्या मागची खुर्ची. कोणाची वेणी कोणाच्या डोळ्यांत खुपली, कोणी म्हणे फार मोठ्याने हसली, कोणी डोळे फिरवले. आमच्या स्वानंदीने घरात दिवसातून चाळीस वेळा डोळे फिरवले तरी तिला आम्ही 'क्यूट' म्हणतो. ते पाहून पाहून माझं डोकं तापायचं. मिसेस प्रुइट यांचं कधी तापायचं नाही. "मी एकतीस वर्षं ट्रॅफिकमध्ये काढली," त्या म्हणायच्या.

नुसत्या नावाने हाक मारू न देण्याचं कारण त्यांनी मला एकदा गाडीत सांगितलं. त्यांची आई, मिसेस आयडा गेन्स, अलाबामात एका गोऱ्या घरी स्वयंपाकाला होती. त्या घरातली सहा वर्षांची पोरगी आईला 'आयडा' म्हणून हाक मारायची आणि आईने त्या पोरीला 'मिस' लावून बोलवायचं. तिथे ब्लॅक माणूस कितीही म्हातारा झाला तरी त्याला मिस्टर-मिसेस लावायचं नाही, ही रीतच होती. कोलंबसला आल्यावर तरी सुटेल असं आईला वाटलं होतं. व्हर्नेल चौदा वर्षांची असताना शाळेने दोघींना बोलावलं. मुख्याध्यापक म्हणाला, "बस, आयडा." पोरगी म्हणाली, "मिसेस गेन्स." आईने टेबलाखालून तिच्या मांडीला असा चिमटा काढला की वळ उठला. तिथल्या तिथे माफी मागायला लावली.

"आईला नोकरी सांभाळायची होती," मिसेस प्रुइट म्हणाल्या. "मला तिचा राग नाही. पण आम्ही दोघीच होतो त्या बाजूला. तिच्या मागे कोणी बसलेलं असतं तर तिने चिमटा काढला नसता." मग त्यांनी समोर बघून पुढच्या रस्त्याचं नाव सांगितलं. आमच्याकडे काय वेगळं होतं? कोर्टात शिपाई रामचंद्र साठीला आला होता आणि कालचे वकील त्याला 'ए रामू' म्हणायचे. मीही म्हणायचे.

आणि मग गेल्या वर्षी मार्चमध्ये नाइमाचं प्रकरण आलं.

नाइमा हॉब्ज, सोळा वर्षांची. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवलं. आजी म्हणजे मिसेस लोरेटा हॉब्ज, नाइमाच्याच शाळेच्या कँटीनमध्ये एकोणीस वर्षं वाढपी. नाइमाला नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सला जागा मिळाली होती. शाळेतूनच करायचा दोन वर्षांचा कोर्स, जागा अठरा, अर्ज दोनशे. पोर एवढी खूश की आतापासून आजीचं ब्लडप्रेशर दिवसातून तीनदा मोजायची.

एका दुपारी कँटीनमध्ये दुधाचे खोके सांडले आणि रांग अडली. असिस्टंट प्रिन्सिपल मिस्टर व्हिटकॉम्ब, पस्तिशीचा माणूस, त्याने चुटकी वाजवली आणि ओरडला, "लोरेटा, किती वेळ?" रांगेत ट्रे घेऊन उभी असलेली नाइमा म्हणाली, "त्यांचं नाव मिसेस हॉब्ज आहे." तो म्हणाला, "काय म्हणालीस?" तिने ट्रे खाली ठेवला आणि पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदाही तेच म्हटलं. झालं. कागदावर आलं ते असं: उद्धट वर्तन, ट्रे उगारला, धमकी दिली. दहा दिवस शाळेबाहेर, आणि शाळेतून कायमचं काढून टाकावं अशी शिफारस. काढलं की कोर्सची जागाही गेली.

मिस्टर व्हिटकॉम्बने एक उपायही सुचवला होता. नाइमाने "मी धमकी दिली" असं लिहून सही करावी, मग काढून टाकण्याचं रद्द करू. आजी तो कागद घेऊन तळघरात आली. बुटकी, गोल चेहऱ्याची, सारखे हात पुसत होती, हात कोरडे असून. म्हणाली, "सही करून टाकू दे हिला. नावाने काय अंगाला भोकं पडतात? मला याहून वाईट वाईट म्हटलंय लोकांनी. पुढच्या वर्षी माझी वीस वर्षं भरतात, तोवर मला कुणाशी वाकडं नको."

नाइमा शेजारी बसून होती. नखं कुरतडत म्हणाली, "ग्रॅनी, मी ट्रे उगारला नव्हता."

"मला माहीत आहे, बाळा. पण झाकून राहील तेवढं बरं."

मिसेस प्रुइट यांनी तो कागद दोनदा वाचला. मग कोर्सच्या नियमांचा कागद काढून शेजारी ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ज्या विद्यार्थ्याच्या फायलीत धमकीची नोंद आहे त्याला रुग्णांजवळ काम करता येणार नाही. म्हणजे सही केली तर शाळा राहील, कोर्स जाईल. सही नाही केली आणि सुनावणी हरलो तर दोन्ही जातील.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आजी रडायला लागली. मला वाटलं मिसेस प्रुइट आता तिला समजावतील. त्यांनी समजावलं नाही. त्या म्हणाल्या, "मिसेस हॉब्ज, ठरवायचं तुम्ही आणि नाइमाने. जे ठरवाल त्या वेळी आम्ही तुमच्या बाजूला बसू. सही करायची असेल तरी बसू." आजीने नातीकडे पाहिलं. नाइमा म्हणाली, "मला सही नाही करायची." आजी बराच वेळ हात पुसत राहिली आणि शेवटी तिने कागद पुढे ढकलला. "नको मग," ती म्हणाली. पण तिच्या डोळ्यांतली भीती गेली नव्हती, ती मला दिसत होती.

सुनावणी गुरुवारी सकाळी दहाला. आम्ही नऊ वीसला हजर. मिसेस प्रुइट यांनी खिडकीकडे पाठ येईल अशा खुर्च्या निवडल्या, म्हणजे ऊन समोरच्यांच्या डोळ्यांत. नाइमा मध्ये, डाव्या हाताला आजी, उजव्या हाताला मिसेस प्रुइट, मागे मी. समोर मिस्टर व्हिटकॉम्ब, काउन्सेलर मिसेस केलर आणि शाळेचे प्रिन्सिपल डॉक्टर अ‍ॅबट. टेबलाच्या टोकाला सुनावणी घेणाऱ्या बाई, निवृत्त वकील, चष्मा साखळीला अडकवलेला.

मिस्टर व्हिटकॉम्ब वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. त्याला मनापासून वाटत होतं की त्याने काही केलंच नाही. तो शांतपणे बोलला. "मी सगळ्यांशी सारखाच वागतो. लोरेटाशी माझे उत्तम संबंध आहेत. लोरेटाने कधी तक्रार केलेली नाही. या मुलीने नसलेला अपमान मनाला लावून घेतला." चाळीस मिनिटं हेच. मी लिहीत होते. लिहिता लिहिता माझ्या कानाला ते खुपायला लागलं आणि मी समासात खुणा करू लागले.

मिसेस प्रुइट यांची पाळी आली. मला वाटलं आता त्या ट्रेचं काढतील. त्या म्हणाल्या, "मिस्टर व्हिटकॉम्ब म्हणतात ते सगळ्यांशी सारखेच वागतात. आमच्या स्टेनोग्राफर मिसेस देवपुजारी यांनी सकाळपासूनचा शब्द न् शब्द लिहिला आहे. कोणाला काय म्हणून हाक मारली गेली, तेवढंच त्या वाचतील. परवानगी आहे?"

टोकाच्या बाईंनी मान हलवली. मी उभी राहिले. कोर्टातली सवय, बसून वाचता येत नाही.

"मिस्टर व्हिटकॉम्ब यांनी काउन्सेलर बाईंचा उल्लेख सहा वेळा केला," मी म्हणाले. "सहाही वेळा मिसेस केलर. प्रिन्सिपल साहेबांचा चार वेळा. चारही वेळा डॉक्टर अ‍ॅबट. नाइमाच्या आजींचा अकरा वेळा. अकराही वेळा लोरेटा." मग मी ती सगळी वाक्यं वेळेसकट वाचली. दहा वाजून सात. दहा वाजून नऊ. दहा वाजून बारा, एकाच वाक्यात दोनदा. मिसेस केलर टेबलाकडे बघायला लागल्या.

मिस्टर व्हिटकॉम्बचे कान लाल झाले. तो म्हणाला, "पण ते जवळीक म्हणून. मी लोरेटाला खूप वर्षं ओळखतो."

मी पेन उचललं आणि लिहून घेतलं. "बारा," मी म्हणाले.

"मिसेस हॉब्ज यांना तुम्ही किती वर्षं ओळखता?" मिसेस प्रुइट यांनी विचारलं.

"चार."

"आणि मिसेस केलर यांना?"

त्याने मिसेस केलर यांच्याकडे पाहिलं. "नऊ," तो म्हणाला.

एवढ्यावर मी बसले असते तर चाललं असतं. पण माझ्या पानावर आणखी दोन खुणा होत्या, आणि त्या त्याच्या नव्हत्या. सुनावणी घेणाऱ्या बाईंच्या होत्या. सुरुवातीलाच त्या दोनदा म्हणाल्या होत्या, "लोरेटा, तुम्हाला ऐकू येतंय ना?" आता निकाल ज्यांच्या हातात, त्यांच्याच तोंडावर हे वाचायचं? नागपूरला एकदा जज्जसाहेबांनी मला सांगितलं होतं, "ती ओळ गाळा, सुचित्राबाई." मी गाळली होती. त्या ओळीतल्या माणसाचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही, आणि कधी विसरलेही नाही. मिसेस प्रुइट यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना माहीतच नव्हतं.

"आणि दोन वेळा आपण, मॅडम," मी म्हणाले. "दहा वाजून दोन मिनिटांनी आणि दहा वाजून तीन मिनिटांनी."

नाइमाने डोळे घट्ट मिटून घेतले. संपलं सगळं, मी मनात म्हटलं, सुचित्रा, तुझी जीभ एका पोरीला बुडवणार.

आणि तेव्हा आजी बोलली. कोणी विचारलं नव्हतं. हात पुसायचे थांबवून तिने ते टेबलावर ठेवले.

"मी या पोरीला सांगत होते की मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलत होते. मला एकोणीस वर्षं वाटतंय. रोज. माझ्या नवऱ्याचं नाव मी लावते, तो तेवीस वर्षांपूर्वी गेला, तेवढंच त्याचं माझ्यापाशी उरलंय. ती खरं बोलली, मी खोटं बोलले. शिक्षा तिला कशी?"

टोकाच्या बाईंनी चष्मा काढला. तो साखळीला लोंबत राहिला. "मिसेस हॉब्ज," त्या म्हणाल्या, "मी तुमची माफी मागते." मग त्या ट्रेकडे वळल्या. ट्रे किती उंच उचलला होता? मिस्टर व्हिटकॉम्ब म्हणाला, आता नक्की सांगता येणार नाही. त्यात अन्न होतं का? हो, पूर्ण जेवण, सूपसुद्धा. सांडलं का? नाही. उगारलेल्या ट्रेमधलं सूप सांडलं नाही, हे मी वेळेसकट लिहून घेतलं.

निकाल सोमवारी आला. मिसेस प्रुइट यांनी तो तळघरात उभं राहून वाचला. शिफारस फेटाळली. दहा दिवसांची शिक्षा चुकीची ठरवली. नोंद फायलीतून काढून नष्ट करावी. कोर्सची जागा कायम. पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण पोरींनी तळघर डोक्यावर घेतलं. नाइमाने आजीला उचललं, अक्षरशः उचललं. स्वानंदी रडत रडत व्हिडिओ काढत होती. मीही रडले, चांगली हुंदके देऊन, आणि मला त्याची लाज वाटली नाही. एवढ्या वर्षांत कोर्टात किती निकाल टाइप केले असतील, पण एकही माझा नव्हता. हा माझा होता.

मिसेस प्रुइट यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "केक नंतर. नोंदीचा कागद अजून शाळेच्या कपाटात आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेच्या ऑफिसात. नाइमा, मिसेस प्रुइट, मी. आजी कँटीनमधून आली, डोक्याला जाळी, पुढे एप्रन. सेक्रेटरी बाई गोड हसून म्हणाल्या, "या आठवड्यात करून टाकू." मिसेस प्रुइट म्हणाल्या, "छान. आम्ही बसतो." आणि बाकावर बसल्या. पाच मिनिटं झाली, वीस झाली. सेक्रेटरी फोन करत होत्या, मिसेस प्रुइट थर्मासमधलं गरम पाणी पीत होत्या. मी म्हटलं, या बाईंना धरणं धरायला कोणी शिकवलं असेल? तासाभराने मिस्टर व्हिटकॉम्ब स्वतः फाइल घेऊन बाहेर आला. त्याने कागद काढला आणि क्षणभर कोणाच्या हातात द्यावा ते त्याला कळेना.

"मिसेस हॉब्ज," तो म्हणाला, आणि कागद आजीला दिला.

आजीने तो नाइमापुढे धरला. "वाचायचाय का एकदा?"

"नको," नाइमा म्हणाली. "काय लिहिलंय माहीत आहे मला."

मग आजीने स्वतः तो कागदाच्या पट्ट्या करणाऱ्या मशीनमध्ये घातला. मशीन घरघरलं आणि अडकलं. कागदाला पिन होती. मिसेस प्रुइट उठल्या, कागद मागे ओढला, नखाने पिन काढली आणि आजीच्या हातात परत दिला. दुसऱ्या खेपेला तो सरळ आत गेला. पट्ट्या पडेपर्यंत आम्ही चौघी बघत उभ्या होतो.

आम्ही निघणार तर ऑफिसच्या दारात गर्दी. कँटीनच्या बाकीच्या पाचही बायका जाळ्या घालूनच आलेल्या. वाढायची वेळ व्हायला वीस मिनिटं होती. सगळ्यांच्या छातीवर शाळेने दिलेले बिल्ले, त्यावर नुसतं पहिलं नाव. टीचर लोकांच्या बिल्ल्यांवर मिस्टर, मिसेस, आडनाव. इतक्या शाळांत मीही ते बघत आले होते आणि मला दिसलं नव्हतं.

सगळ्यांत पुढची, साठीची, काउंटरपाशी आली आणि सेक्रेटरीला म्हणाली, "मला नवीन बिल्ला हवा."

"आम्हालाही," मागची म्हणाली.

सेक्रेटरी बाई गडबडल्या, त्यांना फॉर्म सापडेना. मिसेस प्रुइट यांनी माझ्याकडे पाहिलं. एक धाकटी हळूच म्हणाली, "मला तसं जास्मिनच आवडतं. पण आधी विचारा तरी."

"तसं लिहू," मी म्हटलं. वहीचं कोरं पान काढलं, वर तारीख घातली. शॉर्टहँडमध्ये नावं नीट उतरत नाहीत, म्हणून पहिल्या बाईचं नाव मी सावकाश, पूर्ण अक्षरांत लिहिलं, आणि बरोबर आहे का ते तिला वाचायला दिलं.